विश्रांतीचा वार आणि बेचाळीस किलोमीटर

मॅरेथॉनच्या सरावाची वेळापत्रके बहुतेक वेळा शनिवार-रविवार गृहीत धरूनच आखली जातात. आठवडाभर नोकरी सांभाळून पहाटे आठ-दहा किलोमीटर धावायचे आणि सुटीच्या दोन दिवसांत लांबचा पल्ला गाठायचा, हा जगभरच्या हौशी धावपटूंचा शिरस्ता आहे. ज्याला शुक्रवारच्या सूर्यास्तापूर्वीपासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत धावणे वर्ज्य आहे, त्याला हे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवावे लागते. त्यातच तो दुखापतीतून नुकताच सावरत असेल, तर प्रश्न केवळ एका सुटलेल्या दिवसाचा राहत नाही. धर्माचे पंचांग, हाडांचे वेळापत्रक आणि स्पर्धेची तारीख या तिन्हींचा मेळ त्याला घालावा लागतो. त्यांपैकी पहिली दोन त्याच्या सोयीने बदलत नाहीत आणि तिसरी क्वचितच बदलते.

धर्मपालन करणाऱ्या ज्यू धावपटूंची ही कोंडी वरकरणी एका लहान समाजापुरती मर्यादित वाटेल. परंतु दुखापतीनंतर मैदानात परतणाऱ्या प्रत्येकाला पडणारा एक मूलभूत प्रश्न तिच्यात दडलेला आहे. सक्तीची विश्रांती माणसाला मागे खेचते की सावरते, हा तो प्रश्न.

काय वर्ज्य, काय नाही

शब्बाथ म्हणजे ज्यू धर्मातील साप्ताहिक विश्रांतीचा दिवस. सुमारे पंचवीस तासांच्या या काळात कामधंदा, प्रवास, स्वयंपाक, लेखन, पैशांचा व्यवहार आणि विजेच्या उपकरणांची हाताळणी टाळली जाते. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी सिद्ध केलेल्या 'शुल्हान आरुख' या आचारसंहितेत धावण्याचाही विचार झालेला आहे. तरुणांना ज्या धावण्या-उड्या मारण्यातच आनंद वाटतो, त्याला तेथे मुभा आहे. परंतु घाम गाळण्याच्या हेतूने केलेल्या व्यायामाला नाही. मॅरेथॉनचा सराव दुसऱ्या प्रकारात मोडतो, असेच धर्मनिष्ठ धावपटू सामान्यतः मानतात. धावपट्टी किंवा मनगटावरील जीपीएस घड्याळ यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

दुखापत झाली की नियमांचा आणखी एक पदर पुढे येतो. जिवाला धोका असेल तेथे शब्बाथचे सारे निर्बंध बाजूला सारावेत, नव्हे सारलेच पाहिजेत, अशी धर्माज्ञा आहे. किरकोळ दुखण्यावर मात्र शब्बाथच्या दिवशी औषधोपचार टाळण्याची परंपरा आहे. त्यामुळे फिजिओथेरपिस्टने रोज करावयास सांगितलेले व्यायाम शनिवारी करावेत का, दुखऱ्या गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी घ्यावी का, असे प्रश्न घेऊन धावपटू रब्बींकडे जातात. उत्तरे दुखण्याच्या तीव्रतेवर अवलंबून असतात आणि सर्व रब्बींची मतेही एकसारखी नसतात. डॉक्टर आणि धर्मगुरू या दोघांचाही सल्ला घेऊन मग पाऊल उचलणारा हा बहुधा एकमेव क्रीडाप्रकार असावा.

हाडाला पंचांग कळत नाही

लांब पल्ल्याच्या धावपटूंना ग्रासणाऱ्या दुखापतींमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर ही विशेष चिवट मानली जाते. एकाच आघाताने नव्हे, तर हजारो पावलांच्या पुनरावृत्तीने हाडाला बारीक तडा जातो. पावलाच्या किंवा नडगीच्या हाडातील साधा तडा भरून येण्यास सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. मांडीच्या हाडाच्या मानेसारख्या नाजूक जागी त्याहून अधिक. हाडाची झीज आणि भरण या क्रिया अखंड चालू असतात. ताण वाढला की आधी झीज वाढते आणि भरण मागाहून होते. या दोहोंमधल्या काळात पुन्हा ताण दिला, तर तडा उघडतो.

म्हणूनच परतीचा मार्ग ठरलेला असतो. आधी वेदनेविना चालणे, मग काही मिनिटे धावणे व काही मिनिटे चालणे, तेही एक दिवसाआड. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवायचे नाहीत, हा त्यातील साधा नियम. या टप्प्यावर शब्बाथ हा अडथळा ठरत नाही. दर आठवड्याला एक दिवस सक्तीने धावणे थांबवणारा नियम अधीर धावपटूच्या पथ्यावरच पडतो. बरे वाटू लागले की घाई करणे, ही दुखापत उलटण्याची नेहमीची वाट आहे. बाकीचे धावपटू विश्रांतीच्या दिवसाबाबत स्वतःशी तडजोड करतात. धर्मनिष्ठाला ती सोय नसते.

खरा पेच येतो तो सणांच्या दिवसांत.

चोवीस दिवसांत दहा दिवस वजा

ज्यू नववर्षाचा पहिला महिना तिश्री हा सणांचा महिना. रोश हाशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा हे सण जेमतेम तीन आठवड्यांत येतात आणि त्यांच्या मुख्य दिवसांना बव्हंशी शब्बाथचेच नियम लागू होतात. हा महिना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. शिकागो आणि न्यूयॉर्क या शर्यतींच्या तयारीचा ऐन भराचा काळ नेमका तोच.

२०२४ चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीची न्यूयॉर्क मॅरेथॉन ३ नोव्हेंबरला झाली. इस्रायलबाहेर राहणाऱ्या धर्मनिष्ठ धावपटूला ऑक्टोबरच्या ३, ४ आणि ५ तारखेला (रोश हाशाना व लगोलग शब्बाथ), १२ तारखेला (योम किप्पूर), १७ ते १९ (सुक्कोथ व शब्बाथ) आणि २४ ते २६ (अखेरचे सण व शब्बाथ) धावता येणार नव्हते. चोवीस दिवसांत दहा दिवस वजा झाले. त्यातही सलग तीन दिवसांचे तीन खंड पडले.

एवढ्यावर भागले नाही. मॅरेथॉनपूर्वीची सर्वांत लांबची धाव शर्यतीच्या सुमारे तीन आठवडे आधी घेण्याची पद्धत आहे. ३ नोव्हेंबरपूर्वी तीन आठवडे म्हणजे रविवार, १३ ऑक्टोबर. आदल्याच संध्याकाळी योम किप्पूरचा सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपवास सुटलेला. शरीरातील पाणी आणि साखरेचा साठा पुरेसा भरून येण्याआधी तीस-बत्तीस किलोमीटर धावणे निरोगी माणसालाही मानवणारे नाही. नुकत्याच भरून आलेल्या पायाला तर नाहीच.

त्यानंतरच्या दोन्ही आठवड्यांत रविवार ते बुधवार असे चारच दिवस मोकळे होते. आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याने तो आकडा काहीही करून गाठायचा ठरवले, तर सलग चार दिवस रोज सरासरी १५ किलोमीटर धावावे लागेल, मध्ये एकही मोकळा दिवस न ठेवता. एक दिवसाआड धावण्याचे पथ्य येथे मोडते. दुखापत उलटण्याचा धोका सणांच्या विश्रांतीत नसतो. त्या विश्रांतीची भरपाई करण्याच्या हट्टात तो असतो.

शहाणपणाचा मार्ग वेगळा आहे. सर्वांत लांबची धाव सण सुरू होण्यापूर्वी, म्हणजे २०२४ च्या पंचांगानुसार २९ सप्टेंबरच्या रविवारी उरकून घेणे. उपवासानंतरची लांब धाव दोन दिवस पुढे ढकलून आखूड करणे. आणि उरलेल्या आठवड्यांत सुटलेले किलोमीटर सुटू देणे. दोन-तीन दिवस न धावल्याने महिनोन्महिने कमावलेली क्षमता ओसरत नाही. उलट शर्यतीपूर्वीच्या अखेरच्या पंधरवड्यात सराव कमी करणे हे सर्वच धावपटूंना सांगितले जाते. मात्र वहीत रिकाम्या राहिलेल्या रकान्यांकडे शांतपणे पाहणे दुखापतग्रस्त धावपटूला सर्वाधिक जड जाते.

पथ्य ताटातलेही

आहाराचे नियमही येथे आडवे येतात. सांध्यांच्या तक्रारींवर अनेक जण घेत असलेले ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून तयार होते, तर कोलॅजेन व जिलेटिन जनावरांची कातडी आणि हाडे यांपासून. कवचधारी जलचर आणि डुक्कर हे दोन्ही ज्यू आहारनियमांत निषिद्ध आहेत. त्यामुळे पूरक आहाराची बाटली असो की धावताना घ्यायची ऊर्जा जेल, तिच्यावरील कोशेर प्रमाणपत्राची खूण आधी पाहिली जाते.

बॉस्टन मॅरेथॉनची अडचण आणखी वेगळी. ही शर्यत एप्रिलमधील तिसऱ्या सोमवारी होते आणि वल्हांडणाचा सण याच सुमारास येतो. या सणाच्या काळात पाव, पास्ता असे खमिराचे वा गव्हाचे नेहमीचे पदार्थ चालत नाहीत. धावपटूला आवश्यक असलेले पिष्ट मग बटाटे आणि मत्झा या बेखमीर भाकरीतून मिळवावे लागते. २०१४ आणि २०१७ मध्ये तर शर्यतीचा सोमवार वल्हांडणाच्या सातव्या दिवशी आला. हा दिवस शब्बाथसारखाच पाळला जात असल्याने त्या दोन वर्षी धर्मनिष्ठांसाठी शर्यतीचे दारच बंद झाले. त्यांपैकी २०१४ ची शर्यत ही आदल्या वर्षीच्या बॉम्बस्फोटांनंतरची पहिली शर्यत. अनेकांना त्या दिवशी तेथे धावण्याचे मोल वेगळेच होते.

तारीख कोण बदलणार?

आयोजकांनी मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा दाखला न्यूयॉर्कने दिला आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ही मॅरेथॉन ऑक्टोबरच्या उत्तरार्धात होत असे. १९८६ मध्ये त्या महिन्याचा अखेरचा रविवार सिम्हाथ तोराच्या दिवशी येत होता. ज्यू धावपटूंनी ही बाब निदर्शनास आणल्यावर शर्यत एक आठवडा पुढे, २ नोव्हेंबरला घेण्यात आली आणि पुढे नोव्हेंबर हाच तिचा महिना ठरला. स्टेटन आयलंडवर, शर्यत सुरू होण्याच्या ठिकाणी, पहाटेच्या सामूहिक प्रार्थनेची प्रथाही त्याच दशकातली. पहाटेच घर सोडावे लागल्याने प्रार्थनेची वेळ गाठता येत नाही, ही अडचण तिने दूर केली.

त्या वेळी या शर्यतीची सूत्रे फ्रेड लेबो यांच्या हाती होती. रुमानियातील अराद येथे सनातनी ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. १९९० मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचारांनंतर आजार आटोक्यात असताना १९९२ मध्ये, वयाच्या साठीत, ते स्वतः ही शर्यत धावले. सोबतीला नॉर्वेची विख्यात धावपटू ग्रेटे वाइट्झ होती. साडेपाच तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पण मॅरेथॉनमध्ये परतणे म्हणजे पूर्वीचा वेग परत मिळवणे नव्हे, हे त्या धावेने साऱ्यांना दाखवून दिले. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

टोकियो ऑलिंपिकचा अनुभव मात्र उलटा आहे. तेथील महिलांची मॅरेथॉन आधी रविवारी होणार होती. टोकियोतील उन्हाळ्याचा धावपटूंना त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये ती साप्पोरो येथे हलवण्यात आली आणि नव्या वेळापत्रकात तिचा वार शनिवार झाला. करोनामुळे स्पर्धा वर्षभर पुढे गेल्या, तरी शनिवार कायम राहिला. शर्यत ७ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. डोक्याला रुमाल, लांब बाह्या आणि स्कर्ट अशा पेहरावात धावणारी इस्रायलची बीटी डॉइच ही पाच मुलांची आई याच काळात पात्रतेसाठी धडपडत होती. वार बदलण्याची तिची विनंती मान्य झाली नाही. पात्रतेसाठी ठरवलेली २ तास २९ मिनिटे ३० सेकंदांची वेळही तिला गाठता आली नाही, हे खरे. म्हणजे शनिवार नसता तरी तिला संधी मिळालीच असती, असे म्हणता येत नाही. तथापि वेळ गाठूनही धावता येणार नाही, हे आधीच ठाऊक असताना सराव चालू ठेवणे ही कसोटी निराळीच.

या दोन उदाहरणांतील फरक समजून घ्यायला हवा. हजारो हौशी धावपटूंच्या शहरी शर्यतीला एक आठवडा सरकणे शक्य असते. प्रक्षेपणाचे करार आणि शेकडो प्रकारांच्या वेळापत्रकात अडकलेल्या ऑलिंपिकला ते तितके सोपे नाही. परंतु धावपटूंच्या आरोग्यासाठी शहर बदलता येते, तर वार ठरवताना कोणाची दारे बंद होतात याचा निदान विचार तरी व्हावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. जेरुसलेमने आपल्या मॅरेथॉनसाठी शुक्रवार सकाळ निवडली आहे. सूर्यास्तापूर्वी धावपटू घरी पोहोचलेला असतो.

कोकणातले शनिवार तेली

शनिवारी काम थांबवण्याची ही निष्ठा महाराष्ट्राला अपरिचित नाही. कोकणात शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायल समाजाला 'शनिवार तेली' हे नावच त्यावरून पडले. धर्मग्रंथांपासून आणि इतर ज्यूंपासून दीर्घकाळ दूर राहूनही शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम त्यांनी मोडला नाही आणि गावानेही तो सहज स्वीकारला. पुढे या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले, तरी त्यांनी मराठी जपली. आज त्यांच्यापैकी कोणाला मुंबई मॅरेथॉन धावायची असेल, तर वाराची अडचण नाही. ती रविवारीच होते.

घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्याने शनिवारचे तेल रविवारी दुप्पट गाळून भरून काढण्याचा अट्टहास धरला असता, तर बैल दमला असता आणि विश्रांतीलाही अर्थ उरला नसता. दुखापतीतून उठलेल्या धावपटूचे गणित याहून वेगळे नाही. धर्माने घेतलेला दिवस धर्माला देऊन टाकायचा आणि उरलेल्या दिवसांत शरीर झेपेल तेवढेच मागायचे. शर्यतीच्या दिवशी घड्याळ कदाचित काही मिनिटे जास्त दाखवील. पण बेचाळीसाव्या किलोमीटरला पाय शाबूत असतील.