धूर गावात, अळी रांजणात

आमच्या भीमाकाठी, शिरूर काय नि दौंड काय, घरोघरी तापाचे पेशंट दिसायला लागले की मागणी एकच: "पंचायतीनं धूर मारावा." मशीन भडभडत येतं, पोरं धुरामागं पळतात, मोठी माणसं निवांत होतात. धुरानं उडता डास मरतो. रांजणातली अळी वळवळतच राहते. डेंगीचा डास घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. 2021 च्या जुलैत शेजारच्या पुरंदरात, बेलसरला, राज्यातला पहिला झिका सापडला. तोही ह्याच डासाचा प्रताप.

आई दर आठवड्याला रांजण उपडा करून काथ्यानं घासायची. आम्ही हसायचो, "हिला पाणी सांडायची हौस!" आज कळतं, डासाची अंडी रांजणाच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तगतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावंच लागतं.

"नळाला चार दिवसांनी पाणी येतं, मग साठवू नको तर काय?" खरंय. मग पंचायतीशी भांडा ते रोजच्या पाण्यासाठी. धूर कसला मागताय? आणि पाणी येईतो रांजणावर घट्ट फडकं बांधा. तेवढं तरी आपल्या हातात आहे ना?