जहाज मोठे, किनारा दूर

अंटार्क्टिकाच्या सागरी सहलींच्या जाहिरातींत पेंग्विन ठळकपणे झळकतात; जहाजाची प्रवासीसंख्या मात्र सहसा शोधावी लागते. वास्तविक सारे तिच्यावरच अवलंबून आहे. अंटार्क्टिक करारातील राष्ट्रांनी २००९ मध्ये बाल्टिमोर येथे स्वीकारलेल्या नियमानुसार ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही. लहान जहाजांनाही एका वेळी १०० जणांचीच मुभा असून दर २० प्रवाशांमागे एक मार्गदर्शक हवा. साहजिकच ४०० प्रवाशांच्या जहाजावर पाळ्या लावाव्या लागतात आणि हवामान बिघडले की शेवटची पाळी हुकण्याची भीती असते. पेंग्विनांच्या वसाहतींसाठी हा निर्बंध रास्तच आहे. मात्र लाखो रुपये मोजून केवळ डेकवरून हिमनग पाहावे लागणार असतील, तर सहल कंपन्यांनी तसे आरक्षणापूर्वीच सांगायला हवे.