अरबी भाषक विद्यार्थी आणि इंग्रजी स्वर

कैरो असो वा बगदाद, इंग्रजी शिकणारा अरबी भाषक विद्यार्थी ‘सिट’ आणि ‘सेट’ यांत गल्लत करतो. लिहिताना स्वराक्षरे गाळतो अथवा त्यांची अदलाबदल करतो. अशा विद्यार्थ्यावर निष्काळजीपणाचा शिक्का मारणे सोपे आहे. परंतु ते अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या चुकीचे मूळ त्याच्या बुद्धीत नसून त्याच्या लिपीच्या शिस्तीत आहे. अरबीत शब्दाचा कणा व्यंजनांचा असतो. क, त, ब या तीन व्यंजनांपासून ‘किताब’ म्हणजे पुस्तक, ‘कुतुब’ म्हणजे पुस्तके आणि ‘कातिब’ म्हणजे लेखक हे शब्द सिद्ध होतात. प्रमाण अरबीत मूळ स्वर अ, इ, उ हे तीनच; प्रत्येकाचे र्‍हस्व व दीर्घ असे दोन प्रकार. र्‍हस्व स्वरांच्या खुणा कुराणात आणि बालपुस्तकांत असतात. वृत्तपत्रांत त्या सहसा नसतात. वाचक संदर्भावरून स्वर भरून घेतो. व्यंजनांवर दृष्टी ठेवून वाचण्याची हीच सवय घेऊन तो इंग्रजीकडे वळतो.

इंग्रजीत मात्र स्वराक्षरे पाच आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारात स्वरध्वनी सुमारे वीस! त्यातही लेखन आणि उच्चार यांची फारकत आहे. तिचे एक मोठे कारण इतिहासात आहे. कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये मुद्रणालय काढले ते १४७६ साली. छपाईमुळे शब्दांची जुनी रूपे हळूहळू स्थिर होत गेली. पण साधारणतः १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वरांचे उच्चार पालटत राहिले. आजचा ‘नेम’ हा शब्द पूर्वी ‘नाम’च्या जवळचा होता आणि आज मूक असलेले त्याचे अंत्याक्षरही तेव्हा उच्चारले जाई. ही विसंगती विद्यार्थ्याने निर्माण केलेली नाही.

म्हणून अध्यापनाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम कान तयार करावा. र्‍हस्व-दीर्घ भेद अरबीत असल्याने ‘शिप’ आणि ‘शीप’ यांपासून आरंभ करावा; नंतर ‘सिट-सेट’सारख्या अपरिचित जोड्या घ्याव्यात. ध्वनी ओळखता आल्यावरच स्पेलिंगचे नियम शिकवावेत. अंती मूक ‘ई’ जोडले की ‘हॅट’चे ‘हेट’, ‘बिट’चे ‘बाइट’, ‘हॉप’चे ‘होप’ होते. अपवाद त्यानंतर यावेत. केवळ शब्दांच्या याद्या पाठ करून घेणे म्हणजे अध्यापन नव्हे.

आपणा मराठी शिक्षकांना हे समजणे कठीण नाही. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ लिहिण्यासाठी देवनागरीलाही नव्या खुणा स्वीकाराव्या लागल्या. परका स्वर आपल्या कानाला आणि लेखणीलाही सहज साधला नव्हता. तेव्हा विद्यार्थ्याच्या वहीवर लाल रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या मातृभाषेचा थोडा तरी अभ्यास करावा. चुकीचे कारण कळले, तर तोच विद्यार्थी मंद नसून आपल्या लिपीचा निष्ठावान वाचक आहे, हे ध्यानी येईल.