शेततळ्याला तोंड कुठे आहे?

शेतीच्या योजनेला पर्यावरणाच्या अटी कशाला, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या संतापाने विचारला जातो की उलट काही विचारायची सोयच राहत नाही. कारखान्याला अटी लावा, महामार्गाला लावा. पण आधीच नाडलेल्या शेतकऱ्याच्या विहिरीला आणि शेततळ्याला कसल्या अटी लावता? या अटी म्हणजे कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांची खोड, शहरी पर्यावरणवाद्यांचा छंद आणि तालुक्याच्या कचेरीला मिळालेले नवे कुरण, असे तीन आरोप एका दमात होतात. तिसऱ्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येऊ. पहिले दोन मात्र शेताच्या बांधावर उभे राहिले की टिकत नाहीत.

शेततळ्याचेच उदाहरण घेऊ. २०१६ साली राज्य सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली. मोठ्यात मोठे तळे ३० बाय ३० मीटरचे, खोली तीन मीटर, अनुदान जास्तीत जास्त ५० हजार रुपये. आधीच्या पाच वर्षांत एकदा तरी पैसेवारी ५० पैशांखाली गेली आहे, अशा गावांसाठी ती होती. म्हणजे दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजला आहे अशी गावे. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतातच अडवायचे आणि खंड पडला की पिकाला एक-दोन संरक्षित पाणी द्यायचे, ही कल्पना उत्तम आहे. त्या कल्पनेशी माझे भांडण नाही.

आता नगर, नाशिक, जालना पट्ट्यात फळबागांच्या रस्त्याने जाताना एखादे कागद टाकलेले शेततळे नीट पाहावे. कागद म्हणजे प्लास्टिकचे अस्तर. गावात त्याला कागदच म्हणतात. तळ्याच्या चारही बाजूंनी मातीचा भराव घालून कड शेताच्या पातळीपेक्षा पुरुषभर उंच केलेली असते. पावसाचे पाणी आत यायला लागणारे तोंड, गाळ अडवणारा खड्डा, जादा पाण्याचा सांडवा यांपैकी काहीच दिसत नाही. एका कोपऱ्यात भरावावरून आत उतरलेला काळा पाइप तेवढा दिसतो, आणि त्याचा माग काढत गेले की आपण विहिरीवर किंवा बोअरवर पोहोचतो. आभाळातून थेट जेवढे पडेल तेवढेच पावसाचे पाणी या तळ्यात येते. बाकी सगळे जमिनीखालचे.

म्हणजे खडकात, सावलीत, बाष्पीभवनाच्या तावडीबाहेर साठलेले पाणी विजेने उपसायचे आणि उन्हात उघडे ठेवायचे. एप्रिल-मेत मराठवाड्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटर तरी खाली जाते. काठोकाठ भरलेल्या ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून दिवसाला सहा-सात हजार लिटर पाणी उडून जाते, आणि दोन दिवसांत एका टँकरचे पाणी हवेत जाते. त्याच गावात त्याच महिन्यात सरकारी टँकर चालू असतो. एक खाते उपशाच्या टाकीला अनुदान देते आणि दुसरे खाते आटलेल्या विहिरीवर पाणी आणून ओतते.

यावर ठरलेले उत्तर असे : हे एवढेसे तळे, त्याने असे काय बिघडणार? एका तळ्याने काहीच बिघडत नाही. पण या योजनेचे उद्दिष्ट पुढे १,११,१११ ठेवले गेले. (हा आकडा भूजलाच्या हिशेबातून आला नसावा, आहेराच्या पाकिटावरून आला असावा.) शिवाय फलोत्पादन अभियानातली सामूहिक शेततळी वेगळी, आणि ती याहून कितीतरी मोठी. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्याच्या आकारमानाच्या मानाने अगदी थोडे. म्हणून एका बाजूला मोटार चालली की बांधापलीकडची विहीर उघडी पडते. कुणाची विहीर किती दिवस टिकणार, हे अशा ठिकाणी कुणाची मोटार आधी आणि किती खोल यावर ठरते.

पर्यावरण मंजुरीचा २००६ चा नियम सिंचन प्रकल्पाला लागतो तो त्याच्या लाभक्षेत्राच्या हेक्टरांवरून. धरण त्या चाळणीत अडकते. एकाच पाणलोटातली तीनशे शेततळी मिळून कितीही उपसा करू लागली तरी कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत, कारण कागदोपत्री ती एकेकटी असतात.

‘माझे रान, माझे पाणी’ हा युक्तिवाद याहून वजनदार आहे, कारण त्याच्यामागे कायदा आहे. १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला खालचे पाणी उपसायचा हक्क दिला. तो वादाचा विषय आहे. पण इथे त्याची गरजच पडत नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या रानात कोणी काय करावे, हा प्रश्न इथे नाही. इथे पैसा सगळ्यांचा आहे, ज्याची विहीर आटणार आहे त्या शेजाऱ्याचासुद्धा. वर्गणी त्याने द्यायची आणि तहानही त्यानेच सोसायची, अशी योजना शेतकऱ्याच्या हिताची म्हणायची असेल तर कोणत्या शेतकऱ्याच्या, तेही सांगावे लागेल. फळबाग, कागद, कुंपण आणि खोल बोअर ज्याला परवडते, त्याच्या हिताची ती नक्कीच असते.

परदेशी खोड म्हणावे, तर पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावर निर्बंध घालणारा कायदा आपल्याच विधिमंडळाने १९९३ मध्ये केला. २००९ चा भूजल कायदाही इथलाच. तो लागू व्हायला २०१४ उजाडले आणि नियमांचा मसुदा लोकांपुढे यायला २०१८, हेही इथलेच. त्याच्याही आधी हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर नको, ऊस नको असे गावात ठरवले होते आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली होती. ती अट घालायला कुणी वॉशिंग्टनहून आले नव्हते. ‘पोकरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे पाच हजार गावांसाठी जागतिक बँकेचे कर्ज घेतले गेले आणि गावनिहाय पाण्याचा ताळेबंद करायला आयआयटी मुंबईची मदत झाली, ही चांगली गोष्ट आहे. फक्त प्रश्न असा पडतो, की कर्जाच्या पैशाला ताळेबंद लागतो, मग आपल्या करांच्या पैशाला का लागू नये?

अटींमुळे उशीर होतो, हे मान्य. अटी नसल्या की काय होते, ते शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी बघता येते. तिथे पाणी आले, ऊस आला, पण निचऱ्याची सोय त्या सिंचनाबरोबर आली नाही. काळ्या जमिनी वर्षानुवर्षे पाणी पीत राहिल्या, खालचे क्षार वर आले आणि रान पांढरे पडले. आज तेच शेतकरी कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून ती राने पुन्हा पिकाखाली आणत आहेत. निचऱ्याचा खर्च सुरुवातीला वाचवला असे ज्यांनी मानले, त्यांनी तो वाचवला नव्हता. पुढच्या पिढीच्या नावावर टाकला होता. सरदार सरोवराला १९८७ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली तेव्हा अपुरे अभ्यास बांधकामाच्या बरोबरीने पुरे करायचे, अशी अट होती. भिंत चढत गेली, अभ्यास रेंगाळत राहिले. मागाहून पाळायची अट कुणी पाळत नाही, हे त्यात दिसून आले.

आता तिसरा आरोप. आजच्या अटींपैकी बऱ्याचशा निव्वळ कागद वाढवणाऱ्या आहेत, यात शंका नाही. छापील नमुन्यात ‘पर्यावरणावर परिणाम : नाही’ असे एकाच शाईने सगळ्या गावांसाठी भरलेले असते. शेततळ्याचा अक्षांश-रेखांशासह फोटो घेतात. त्यातून खड्डा खणला हे कळते, पाणी कुठून आले ते कळत नाही. उलट चार दाखल्यांसाठी शेतकऱ्याला चार हेलपाटे पडतात. अशा अटी खुशाल काढून टाकाव्यात. पण खोटी अट वाईट म्हणून खरी अटही नको, हे बरोबर नाही.

खरी अट शेतकऱ्यावर नसून योजनेवर असते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याचे दीड हजारांवर पाणलोट आखले आहेत, निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते, कोणता पाणलोट अतिशोषित ते तिला माहीत असते. मग उद्दिष्ट मंत्रालयातून जिल्ह्यावर आणि जिल्ह्यावरून तालुक्यावर वाटून देण्याऐवजी पाणलोटाच्या शिलकीवरून ठरवावे. अतिशोषित पाणलोटात उपशाला अनुदान नाही, तिथे तोच पैसा माथ्यावरच्या समतल चरांना आणि ठिबकला. अनुदानाचा शेवटचा हप्ता तळ्याला तोंड आणि सांडवा आहे, हे पाहूनच सोडावा. निरीक्षण विहिरीचा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा आणि नव्या अर्जांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, म्हणजे खालच्या अंगाच्या विहिरवाल्याला आधी बोलता येईल. जाता जाता, कागदाच्या निसरड्या उतारावरून आत गेलेले पोर वर येऊ शकत नाही; काठाला बांधलेला गाठींचा दोर आणि भोवती कुंपण, एवढी तरी सक्ती करायला कोणत्या समितीची वाट पाहायची?

कडवंचीचे काय, असे कोणी विचारेल. जालन्याजवळच्या या गावाने शेततळ्यांवर द्राक्षे उभी केली, हे खरेच. पण तिथे डोंगरापासून ओढ्यापर्यंत पाणलोटाची कामे आधी झाली, शेततळी मागाहून आली. हा क्रम गाळून नुसती तळी उचलायची, आणि पुन्हा कडवंचीचा दाखला द्यायचा, हे चालणार नाही.

हा वाद जुन्या योजनेचा नाही. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ सुरू आहे. सौर पंप चांगलाच. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला रानात जाण्याचा, विंचूकाट्याचा त्रास त्याने वाचतो. पण विजेचे बिल आणि भारनियमन हे उपशावरचे उरलेसुरले दोन लगाम होते, आणि या पंपाला ते दोन्ही नाहीत. ऊन आहे तोवर तो फुकट चालतो. त्याच्या जोडीला कागदाचे तळे असेल, तर पीक प्यायला तयार नसतानाही पाणी उपसून ठेवायला जागा मिळते. म्हणून पंप मंजूर करतानाच पाणलोटाची शिल्लक पाहायला हवी, आणि अतिशोषित भागात पंपातून उरणारी वीज महावितरणने ठरलेल्या दराने विकत घ्यायला हवी. पाणी न उपसण्याचे पैसे मिळाले, तर दुपारी मोटार बंद ठेवायला शेतकऱ्याला कुणी सांगावे लागणार नाही.