निकालानंतरचे पंधरा दिवस



दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला मथळा आता आपल्याला पाठ झाला आहे : 'यंदाही मुलींचीच बाजी'. २०२५ साली १३ मे रोजी निकाल लागला तेव्हाही तो छापून आला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. त्याच्या आदल्या वर्षीही चित्र असंच होतं. लेकीला पेढा भरवणाऱ्या आईचा फोटो पाहून आपल्याला आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. त्या पेढ्यामागे किती बायकांची किती वर्षांची धडपड आहे हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

पण उरलेल्या चार टक्क्यांचं काय? चार टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. राज्यभरात मोजल्या तर पंचवीस हजारांहून जास्त मुली होतात. या मुलींबद्दल वर्तमानपत्रात काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या चळवळीच्या बैठकांतही त्यांचा विषय फारसा निघत नाही. आपण 'मुलगी शिकली पाहिजे' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पास होणारी मुलगी असते. या अंकात नापास झालेल्या मुलीबद्दल बोलायचं ठरवलं आहे.

मावळात, म्हणजे वडगाव, कामशेत, लोणावळा आणि त्यांच्या आतल्या आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळच्या गावांत बचतगटांच्या निमित्ताने आमचं येणंजाणं असतं. निकालानंतरच्या आठवड्यात एकाच आळीतल्या दोन घरांत गेलं तरी फरक कळतो. मुलगा गणितात गेला असेल तर बाप दोन शिव्या हासडतो, आई जेवायला वाढते, आणि संध्याकाळपर्यंत ठरतं, 'बसंल परत. नाहीतर तळेगावला कंपनीत चिकटवू.' तोच विषय मुलीचा गेला असेल तर शिव्याही कुणी देत नाही. घर एकदम शांत होतं. मग आत्याचा फोन येतो, मामा येऊन बसतो, चुलता म्हणतो, 'शिकून काय कलेक्टर व्हायचंय का? चांगलं स्थळ आलंय, उरकून टाकू.' या बैठकीला पोर हजर असते, पण ती चहा घेऊन. तिला काय वाटतं हे विचारायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. गणितात तिला किती गुण पडले याच्याशी या बैठकीचा संबंध थोडाच असतो. शाळेत जाते म्हणून लग्नाचा विषय दोन वर्षं मागे पडलेला होता. निकालाने ते निमित्त संपलं, एवढंच.

ती नापास का झाली हेही जरा पाहू. डोंगरातल्या वाडीत शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवी-आठवीपर्यंत. पुढे हायस्कूलला एसटी, ती चुकली की पायपीट. लोणावळ्यात वेगळी तऱ्हा. तिथे आया बंगल्यांवर झाडलोट-स्वयंपाकाला जातात, चिक्कीच्या पॅकिंगला जातात. शनिवार-रविवार हे शहराच्या सुट्टीचे दिवस, म्हणजे आईच्या कामाचे. तेव्हा धाकटी भावंडं कुणी सांभाळायची? घरातल्या दहावीतल्या मुलीनेच. कातकरी वस्तीतलं तर बोलायलाच नको. आईबाप वीटभट्टीवर गेले की पोरं बरोबर जातात, आणि परीक्षेच्या आधीचे महिने भट्टीवर निघतात. त्यात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलेलं होतं. हेतू चांगला होता, पण ज्या मुलीला भागाकार येत नाही तिला भागाकार शिकवायची जबाबदारी त्यामुळे कुणाच्याच अंगावर पडली नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा आणली, तोवर कितीतरी मुलींना 'तुला येत नाही' हे पहिल्यांदा कळलं ते थेट नववी-दहावीत. इतकी वर्षं मागे पडत गेलेलं इंग्रजी आणि गणित एका वर्षात कसं भरून निघणार?

आता मुद्द्याचं बोलू. निकाल लागल्यापासून पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपेपर्यंत हाताशी फार थोडे दिवस असतात, साधारण दोन-तीन आठवडे. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरात व्हायची आणि वर्ष वायाच जायचं. २०१५ पासून ती लवकर होऊ लागली. मुलांचं वर्ष वाचावं म्हणून. फार चांगला निर्णय. परंतु तो घेताना मावळातल्या मुलीचं कॅलेंडर कुणी पाहिलं नसावं. २०२४ साली ही परीक्षा १६ जुलैला सुरू झाली, २०२५ साली २४ जूनला. जून-जुलै म्हणजे मावळात भातलावणी. घरातला प्रत्येक हात खाचरात लागतो, आणि लावणी हे बायकांचंच काम. लोणावळ्यात तेच दिवस पावसाळी गर्दीचे. भुशी धरणाकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलतो, बंगले भरतात, कणसाच्या गाड्या लागतात. वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत. अशा वेळी 'मला अभ्यासाला बसू द्या' म्हणायला फार मोठं धाडस लागतं, आणि नुकत्याच नापास झालेल्या पोरीकडे ते कुठून येणार?

त्यात लगीनसराई. आषाढ लागायच्या आत शेवटचे मुहूर्त गाठायची घाई असते, कारण नंतर थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत थांबावं लागतं. निकाल नेमका या घाईत येतो. आपण समाजकार्याच्या पुस्तकांत 'निर्णयप्रक्रियेतील सहभाग' वगैरे शिकतो. इथे सगळी निर्णयप्रक्रिया दोन मुहूर्तांच्या मधल्या जागेत उरकली जाते.

आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही एका पोरीने सांगितल्यावर उमगली. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. या पासावर मावळातल्या कितीतरी मुलींची शाळा टिकून आहे. पण पास मिळतो तो शाळेच्या पटावर नाव असलेल्या मुलीला. नापास झाली, नाव पटावरून गेलं, की पासही गेला. म्हणजे जिला तयारीसाठी कामशेतला किंवा वडगावला जायची सगळ्यात जास्त गरज, तिच्याच हातात रस्त्याचे पैसे नाहीत. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग होतो. तरी महिन्याचा हिशोब मांडला की घरातले म्हणतात, राहू दे. एसटी महामंडळाकडे आणि शिक्षण खात्याकडे आपण सर्व गटांनी मिळून ही मागणी केली पाहिजे, की पुरवणी परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा पास परीक्षा संपेपर्यंत चालू राहावा. खर्च किरकोळ आहे.

मग तिच्यापुढे वाटा कोणत्या? आपल्या कार्यकर्त्यांना त्या तोंडपाठ हव्यात, कारण घरात शिरल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. गुण अनपेक्षित कमी वाटत असतील तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं. त्याची मुदत निकालानंतर लगेच संपते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत प्रवेश मिळतो आणि राहिलेले विषय सोबत सोडवता येतात. हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. 'नापास म्हणजे संपलं' असंच ते धरून चालतात. पुरवणी परीक्षेचा फॉर्म आपल्याच शाळेतून भरायचा असतो, पण मे महिन्यात शाळेला सुट्टी, शिक्षक गावी. तेव्हा एखादीने मुख्याध्यापकांचा फोन नंबर आधीच घेऊन ठेवलेला बरा. नववीतच घरी बसलेल्या मुलीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देण्याची सोय आहे. मुक्त विद्यालयाचीही वाट आहे. आयटीआयमध्ये वायरमन, वेल्डर, शिवणकाम अशा काही ट्रेडना दहावी पास असण्याची अट नसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नापास मुलगी म्हटली की सगळे, आपल्यातल्या काहीजणीसुद्धा, तिला शिवणाच्या नाहीतर ब्यूटीपार्लरच्या क्लासला बसवून मोकळे होतात. शिवण वाईट नाही. पण एका गावात किती शिंपिणी पोट भरणार? वायरमनच्या वर्गात मुली का दिसत नाहीत हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी? आणि दहावी-बारावीच्या कागदाला कमी लेखून चालणार नाही. गावात बाईला मिळू शकणारं हक्काचं काम म्हणजे अंगणवाडी. त्यासाठी २०२३ पासून सेविकेलाच काय, मदतनिसालाही बारावी पासची अट आहे. आपल्या पिढीतल्या किती सेविका दहावीवर लागल्या! आज त्याच दारात उभ्या असलेल्या मुलीला ते दार बंद आहे.

नापास झालेल्या किंवा शाळाच न पाहिलेल्या बाईसाठी दुसरं दार उघडण्याचं काम आपल्याकडे बायकांनीच केलं. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते शाळेचं वय उलटून गेलेल्या स्त्रियांना शिकवण्यासाठीच. १९५८ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या प्रेरणेने केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. मधेच शाळा सुटलेल्या बाईने थोड्या काळात परीक्षेपर्यंत पोचावं ही त्यामागची कल्पना. ते मंडळ २०२२ साली बंद करण्यात आलं. त्या वेळी आपल्यापैकी कितीजणींनी त्याची दखल घेतली?

लग्नाबद्दल. दहावीतली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. २००६ च्या कायद्याप्रमाणे अठराच्या आत तिचं लग्न लावणं गुन्हा आहे, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक. कायद्याचं नाव काढून घरात शिरू नये असं आमचं मत आहे. दार लागतं आणि मग मुलीपर्यंत पोचता येत नाही. पण तारीख ठरली असं कळलं की संकोच करू नये, १०९८ ला फोन करावा.

अवघड प्रसंग येतो तो मुलगीच 'माझं लग्न करा' म्हणते तेव्हा. पवन मावळातल्या एका मुलीने आम्हाला तोंडावर सांगितलं, 'परत बसले आणि परत गेले तर? एकदा तोंड दाखवलं, दुसऱ्यांदा नाही दाखवणार.' तिला नवरा नको होता, लाज चुकवायची होती. आपण अशा वेळी शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागतो आणि ती आणखी मिटून जाते. तिचं म्हणणं आधी पुरतं ऐकावं. तिने शिकायचं नाही, काम करायचं, एखादं वर्ष नुसतं घरी राहायचं असं ठरवलं तरी तो तिचा निर्णय म्हणून मान्य करायची आपली तयारी हवी. 'पास झालीस तरच तू आमची' असं चळवळीनेही म्हटलं तर मामा-चुलत्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? अठराच्या आतलं लग्न तेवढं या वाटांमध्ये बसत नाही, तिने मागितलं तरी.

काही मुली बोलतच नाहीत. जेवण सोडतात, कोपऱ्यात बसून राहतात. निकालाच्या आठवड्यात अशा मुलीला एकटीला ठेवू नका, घरातल्यांनाही ते नीट समजावून सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

भातलावणीचं काय करायचं, यावर नाणे मावळातल्या एका म्हातारीने उपाय सुचवला आणि तो आम्हाला फार पटला. एखाद्याचं शेत मागे पडलं की गाव मिळून इर्जिक करतं, तशी या पोरींसाठी करा म्हणाली. गटातल्या बायकांनी तिच्या वाटणीची आवणी एक-एक दिवस वाटून घ्यायची, तिने तेवढे दिवस पुस्तक उघडायचं. त्या घरच्या माणसांना नाही म्हणायला जागा राहत नाही, कारण काम तर होतंय! लोणावळ्यात याच धर्तीवर शनिवार-रविवारी भावंडं सांभाळायला आळीतल्या एकीच्या घरी पाळणाघर चालवता येईल.

यासाठी तयारी निकालानंतर करून भागणार नाही. परीक्षा संपताच प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या दहावीच्या मुलींची वही करावी : नाव, शाळा, कोणता विषय कच्चा, घरात कोण ऐकणारं आहे. निकालाच्या दिवशी संध्याकाळी दोघीजणी त्या घरी जाव्यात, पास झालेल्यांकडेही आणि न झालेल्यांकडेही, म्हणजे कुणाकडे बोट दाखवल्यासारखं होणार नाही. फॉर्मची फी गटाच्या शिलकीतून उसनी द्यायला हरकत नसावी.

ज्या गटांनी असं काही करून पाहिलं असेल त्यांनी कळवावं. फसलं असेल तर तेही. पुढच्या अंकात काही पानं यासाठी राखून ठेवतो आहोत. परत परीक्षेला बसलेल्या, न बसलेल्या, संसारात पडलेल्या मुलींनी स्वतः लिहिलं तर आधी तेच छापू. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आम्ही पाहू.