गट बदलला, पुढे काय?

दादर-परळच्या माणसाला हिंदमाता चौकाचे गणित शिकवावे लागत नाही. पाऊस बेताचा असेल तर महापालिकेचे पंप पाणी उपसतात आणि वाहतूक चालू राहते. पंपांच्या ताकदीपेक्षा पाऊस वरचढ झाला की गुडघाभर पाणी. बुरशीच्या पेशीत हेच चालते, फक्त तिथे उपसले जाते ते आपण फवारलेले औषध.

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांतून सल्लागारांना येणारा प्रश्न ठरलेला: औषध मारले, तरी रोग का आला? उत्तरही ठरलेले: औषधाचा गट बदला. स्ट्रोबिल्युरिन गटाच्या बाबतीत ते रास्तच होते. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या केवडा रोगात जी१४३ए हा जनुकीय बदल नोंदवला आहे. प्रथिनातल्या एका ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलानिन आले आणि औषधाला बसायला जागाच उरली नाही. मग मात्रा वाढवूनही हाती काही लागत नाही.

पंपाचे प्रकरण वेगळे. पेशीच्या आवरणातली वाहक प्रथिने आत शिरलेले औषध बाहेर फेकतात; एबीसी कुळातली एटीपी खर्चून, एमएफएस कुळातली प्रोटॉनच्या उतारावर. हा बंदोबस्त बुरशीने आपल्या फवारणीसाठी उभारलेला नाही. द्राक्षवेल स्वसंरक्षणासाठी रेझव्हेराट्रॉल बनवते आणि करड्या बुरशीचा, म्हणजे बोट्रायटिसचा, एक एबीसी पंप तेही उपसतो. फ्रान्स-जर्मनीच्या द्राक्षमळ्यांतली या बुरशीची बहुऔषधी प्रतिकारक वाणांवरचे संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींत एका नियंत्रक जनुकात बिघाड होऊन हा पंप कायमचा चालू राहिला होता. काहींत दुसऱ्या पंपाच्या जनुकाआधी डीएनएचा उपरा तुकडा घुसला होता. दोन्हींच्या संकरातून तिसरे वाण निघाले. फ्लुडिऑक्सोनिल, सायप्रोडिनिल, फेनहेक्झामिड ही तीन गटांतली औषधे. हे तिसरे वाण तिन्हींना कमी दबते. इथे 'गट बदला' एवढ्यावर सल्लागाराची सुटका नाही.

(कर्करोगाच्या पेशी औषध बाहेर टाकतात त्या याच एबीसी कुळातल्या पी-ग्लायकोप्रोटीनच्या बळावर. परळच्या टाटा रुग्णालयात हे नाव कुणाला नवे नाही. आमच्या कृषी पदविकेत तो धडा कधी येणार?)

पंपामुळे येणारा प्रतिकार सहसा बेताचा असतो, आणि तिथेच आपली चूक त्याला पोसते. पूर्ण मात्रेत मरणारी बुरशी अर्ध्या मात्रेत जगते. घडाच्या आत, जिथे फवारा जेमतेम पोहोचतो, तिथेही जगते. 'अंश सापडेल म्हणून औषध कमी घेतले,' असे बागायतदार सांगतो. ती धास्ती खोटी नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडली होती. पण त्यावरचा उपाय लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी पाळणे हा आहे, मात्रा छाटणे नव्हे. फवारण्यांची संख्या कमी करा, विरळणी वेळेवर करा, आंतरप्रवाही औषधाला लेबल क्लेम पाहून मॅन्कोझेबसारख्या अनेक ठिकाणी मारा करणाऱ्या स्पर्शजन्य औषधाची जोड द्या. पण जे माराल ते पूर्ण मात्रेत मारा.

प्रयोगशाळांकडेही एक मागणे आहे. जी१४३ए शोधणाऱ्या चाचणीला पंप दिसत नाही. त्यासाठी चढत्या मात्रेच्या माध्यमांवर बोट्रायटिसचे बीजाणू रुजवून पाहावे लागतात: कमी मात्रेवर कोंब फुटतात, चढत्या मात्रेवर थांबतात, आणि हेच दोन-तीन गटांच्या औषधांवर दिसले की संशय पक्का होतो. तोवर नमुना पाठवताना पाकिटावर औषधाच्या नावाशेजारी शेवटच्या फवारण्यांची मात्रा आणि एकरी पाणीही लिहा. ते नसेल तर दोष औषधाचा, बुरशीचा की नोझलचा, हे तपासणाऱ्याने ओळखायचे कसे?