वगळलेल्या खर्चाचा नफा

एप्रिल २०१८ मध्ये वीवर्क या अमेरिकी कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलरचे रोखे विक्रीला काढले. आदल्या वर्षीचा तिचा निव्वळ तोटा ९३ कोटी डॉलर होता. गुंतवणूकदारांपुढे मात्र २३ कोटींचा नफाही ठेवला गेला. व्याज, कर आणि घसारा तर त्यातून वगळलेच होते, शिवाय जाहिरात, प्रशासन आणि नव्या बाजारपेठांवरचा खर्चही. या आकड्याचं नाव ‘कम्युनिटी ॲडजस्टेड एबिटडा’; एबिटडा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा. पुढे २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अशा ‘समायोजित’ नफ्यामागचा मूळ हेतू रास्त आहे. एखाद्या वर्षी गोदाम जळालं किंवा जुनी जमीन विकली गेली, तर त्या वर्षाच्या नफ्यावरून धंद्याचा अंदाज येत नाही. नित्याची कमाई वेगळी दाखवावी लागते. पण काय नित्याचं आणि काय नैमित्तिक, हे व्यवस्थापन ठरवतं, आणि वगळण्याचा कल बहुधा खर्चांकडेच असतो. पुनर्रचनेचा खर्च सलग चार वर्षं ‘अपवादात्मक’ म्हणून येत असेल, तर तो त्या धंद्याचा नेहमीचाच खर्च झाला.

आपल्याकडे पेटीएमने डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत ‘ईसॉप खर्चापूर्वीचा’ (म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांचा खर्च न धरता) एबिटडा ३१ कोटी रुपये दाखवला. त्याच तिमाहीचा निव्वळ तोटा ३९२ कोटी होता. लपवाछपवी काहीच नव्हती, दोन्ही आकडे जाहीर होते. प्रश्न वगळण्याचा आहे. कर्मचाऱ्यांना समभाग दिले की तिजोरीतून रोकड जात नाही हे खरं, पण जुन्या भागधारकाचा हिस्सा तेवढा आक्रसतो. शिवाय हे समभाग नसते, तर तीच माणसं टिकवायला रोख पगार वाढवावा लागला असता. मग हा खर्च नाही तर काय?

‘आयएफआरएस १८’ हे आंतरराष्ट्रीय मानक जानेवारी २०२७ पासून लागू होत आहे. कंपनी जाहीरपणे वापरते ती अशी नफ्याची मापं त्यानंतर लेखापरीक्षित टिपांमध्ये द्यावी लागतील, प्रमाणित आकड्याशी मेळ घालून. तरीही काय वगळायचं हे कंपनीच ठरवणार. म्हणून पाच वर्षांच्या वगळलेल्या बाबी शेजारी-शेजारी मांडाव्यात, आणि वार्षिक अहवालात वरिष्ठांच्या मोबदल्याचं प्रकरण उघडून त्यांचा बोनस प्रमाणित नफ्यावर ठरतो की समायोजित, तेही पाहावं.